घाटात पेडल खाली गेलं तेव्हा

नोकरीची शेवटची वर्षं मी गडचिरोलीच्या जंगलातल्या निमलष्करी दलाच्या एका कॅम्पवर काढली. मी एमटी हवालदार, म्हणजे गाड्या चालवणारा आणि सांभाळणारा. माझं गाव पोंभुर्ण्याकडचं. गावातले म्हणायचे, घराजवळ पोस्टिंग मिळाली, मजा आहे. घर जवळ होतं, पण सुट्टी मिळत नव्हती.

काम रोजचं तेच. सकाळी टायर, पाणी, ऑइल, ब्रेक तपासायचे. मग रोड ओपनिंग पार्टीची वाट बघायची. हे जवान सुरुंग शोधत पायी पुढे जात. रस्ता साफ असल्याचं त्यांनी वायरलेसवर कळवलं की गाडी निघे. त्या कॅम्पवर मी सगळ्यात जास्त थकलो तो वाट बघून.

गाडीत माझ्यासोबत एस्कॉर्ट म्हणून सिपाई मडावी असायचा. एटापल्लीकडच्या गावचा, अंगानं बारीक, कमी बोलणारा. वाटेतल्या गावांत गोंडी बोलायचं काम त्याचंच.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी जवळच्या गावातून चार माणसांनी खाटेवर एक बाळंतीण आणली. मूल आडवं होतं. कॅम्पच्या नर्सिंग असिस्टंटनं हात लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "गडचिरोलीला न्या. माझ्यानं होणार नाही." ढग खाली आलेले, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. रस्ता साफ असल्याचा निरोप आला आणि मी जीप काढली. मागे ती बाई, तिची सासू आणि नर्सिंग असिस्टंट. पुढे मी आणि मडावी.

निघताना पेडल कडक होतं. घाटाच्या माथ्यावर ब्रेक दाबला तर पाय खाली जात राहिला. दोनदा पंप केलं, थोडं वर आलं, पुन्हा बसलं. गिअर आणि हँडब्रेकवर गाडी थांबवली. मागचं डावं चाक आतून ओलं होतं. चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं. बॉनेट उघडलं तर ब्रेक फ्लुइडच्या डबीत तळाला थोडं उरलेलं.

वायरलेसवर कॅम्पला कळवलं. "ब्रेक फेल. फ्लुइड नाही. ओव्हर."

"दुसरी गाडी पाठवतो. वेळ लागेल. पेशंट कसा? ओव्हर."

मी मागे पाहिलं. नर्सिंग असिस्टंटनं नकारार्थी मान हलवली. सासू मडावीचा हात धरून गोंडीत काहीतरी बोलत होती.

"काय म्हणते?"

"म्हणते, इथी थांबलो तं दोघंई जाईन."

मी लो गिअर टाकला. मडावीनं रस्त्याकडेचा सागाचा ठोकळा उचलला. "मी पुढं पुढं चालतो, हवालदार साहेब. गाडी पळाली का चाकाखाली टाकतो."

"पायाखाली बघ. चाकासमोर येऊ नको."

"नाई येत."

अशी आम्ही उतरण घेतली. दोन वळणं गिअरनं धरली. तिसऱ्या वळणावर चिखल होता. चाकं सरकली, हँडब्रेक धरेना, आणि गाडी माझ्या हातातून निघाली. समोर कठडा नसलेला मोरीपूल. मी ओरडलो. मडावी पळत होता तो वळला, चाकाच्या बाजूला गुडघ्यावर बसला आणि ठोकळा आत सारला. गाडी ठोकळ्यावर चढली, आपटली, थांबली. मडावी उठला. त्याच्या हाताच्या बोटांची सालं गेली होती.

तिथून पुढे उतार कमी होता. घाटाखाली रस्त्याच्या कामावरचा एक टिप्पर उभा होता. ड्रायव्हरनं इंजिन ऑइलचा डबा पुढे केला. "टाका ना हेच, भाऊ. काऊन टाइम घालवून राह्यले?"

"यानं सगळी रबरं फुगतील. दुसरं काय आहे?"

सीटखालून त्यानं दोन बाटल्या काढल्या. एक उघडी, कधीची ते त्यालाच आठवेना. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल पुन्हा खाली जातं. ती बाजूला ठेवली. दुसरी सीलबंद होती, डॉट थ्री ग्रेडची. आमच्या झाकणावर डॉट फोर लिहिलेलं. ही दोन्ही एकमेकांत चालतात. थ्री जरा लवकर उकळतं इतकंच. पुढे सपाट रस्ता होता. तीच घेतली.

गळणाऱ्या चाकाकडे जाणारा पाइप पकडीनं चेपून दुमडला. डबी भरली. मडावीला पेडल दाबायला माझ्या सीटवर बसवलं, मी गाडीखाली गेलो. आत शिरलेली हवा काढायची होती.

"दाब. दाबून धर."

"धरलं."

मी चाकामागचा हवा काढायचा निपल सैल केला. फेस आला. निपल कसला. "सोड."

पुन्हा तेच. एकेक चाक, बुडबुडे थांबेपर्यंत. मधेमधे डबीत फ्लुइड ओतत राहिलो, ती रिकामी झाली तर परत हवा शिरते. मागे ती बाई कण्हत होती. मडावीनं एकदाही घाईनं पाय उचलला नाही. शेवटी तो म्हणाला, "आता पेडल गोटा झालं, साहेब."

तीन चाकांच्या ब्रेकवर गडचिरोली गाठली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, आई वाचली.

पुढच्या उन्हाळ्यात मडावीची ड्युटी रोड ओपनिंग पार्टीत लागली. सुरुंग फुटला तेव्हा तो पहिल्या जोडीत होता. मी गाडी घेऊन गेलो. त्याला परत आणताना सावकाश चालवायची गरज नव्हती, तरी सावकाश चालवली.

आता मी ऊर्जानगरला बस चालवतो. मडावीच्या गावी त्यांच्या रीतीनं त्याच्या नावाचा दगड उभा केला, तेव्हा गेलो होतो. दगड ओढायला मीही हात लावला. जेवणं झाल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"पोरगा सांगे, घाटात गाडी त्यानं थांबवली. आमी म्हणो, फेकून राह्यला. खरं हाय का?"

"खरं आहे, काका. पोटातलं धरून गाडीत पाच जीव होते. त्यानं थांबवली."

ते उठले. अंगणात बायका भांडी घासत होत्या. त्यांना त्यांनी काम थांबवायला सांगितलं, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि मला म्हणाले, "आता पुन्हा सांगा. सुरुवातीपासून."