गार चाक

ब्रेकदादांच्या गॅरेजात एक जुना नियम आहे. ब्रेकचं काम ज्यानं केलं, चाचणीला स्टिअरिंगवर तोच बसतो. तीस वर्षं तिथे दादाच बसत आले.

त्या सकाळी नर्सबाईंची बारा वर्षं जुनी छोटी एसयूव्ही तिसऱ्यांदा आली. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. दादांनी डाव्या चाकाचे ब्रेक पॅड दोनदा बदलले होते.

"दादा, उतारावर जीव मुठीत धरून चालवते मी," बाई म्हणाल्या. "जमत नसेल तर तसं सांगा."

असं दादांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

गॅरेजात त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या त्यांच्या मुलीनं ब्रेक मारत गाडीची एक फेरी काढली आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरून पाहिला.

"बाबा, डावं तापलंय, म्हणजे ते बिचारं राबतंय. उजवं गार आहे. कामचुकार तेच!"

उजव्या चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप वरून ठणठणीत दिसत होता. तिनं तो काढून कापला. आतून फुगून तो जवळजवळ बंद झाला होता. तिनं नवा बसवला.

"माझं दोनदा चुकलं, बाई," दादा म्हणाले. "हिनं पकडलं."

मुलीनं सवयीनं किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"नियम विसरलीस काय गं?" म्हणत ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

उतारावर तिनं ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. दादांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि उताराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या बाईंना ओरडून सांगितलं, "पोरगी माझी आहे, बरं का!"