निळ्या गाड्यांचा अकोल्यातला दसरा

मला मोटार चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या अमरावतीच्या घरी, पुस्तकांच्या कपाटात, फ्रेंच स्पोर्ट्स कारचा जो ताफा उभा आहे तो पाहून लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. विचारत असत, म्हणायला हवं. हल्ली घरी गॅस सिलिंडरवाल्याखेरीज कोणी येत नाही आणि तो स्वयंपाकघराच्या पुढे जात नाही.

गाड्या तळहातावर मावतील एवढ्या आहेत. खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याच्या. धातूच्या, हातात घेतल्यावर वजन जाणवणाऱ्या. बहुतेक निळ्या, कारण शर्यतीच्या मैदानावर फ्रान्सचा रंग निळा मानला जाई. एक महायुद्धाच्या आधीची आहे, पाण्याच्या थेंबासारखी मागे निमुळती होत गेलेली. एक इतकी ठेंगणी, की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखंच असणार. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. कॉलेजात उभी हयात फ्रेंच राज्यक्रांती शिकवूनही मला फ्रेंच उच्चारांची कधी खात्री वाटली नाही. विद्यार्थ्यांनाही ती नव्हती, म्हणून आमचं जमलं.

या गाड्या घडवणाऱ्या कारखान्यांपैकी कित्येकांचं पुढे दिवाळं वाजलं. अतिशय देखणी, अतिशय वेगवान गाडी बनवायची, श्रीमंतांनी टाळ्या वाजवायच्या आणि काही वर्षांत फाटकाला कुलूप. राजवाड्यांचं पुढे काय होतं हे शिकवतच निवृत्त झालेल्या माणसाला हा विषय परका नव्हता.

बायको होती तोवर, नवं पार्सल आलं की ती शेजारी येऊन बसायची. डबा उघडला की म्हणायची, "ही मागच्या वेळचीच आहे ना?" मी फरक समजावून सांगायचो. तिला तो पटायचा नाही, पण ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. ती गेल्यावरही मी गाड्या मागवत राहिलो. पार्सल मात्र आल्याबरोबर उघडत नाही. एकट्याने डबा उघडला की गाडी बाहेर येते आणि मग पुढे काय करायचं ते कळत नाही.

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. या वर्षी पावसाळाभर तिचा फोनवर एकच धोशा होता.

"दादा, तू तिथं एकटा काय करून राहिला? वरची खोली रिकामीच हाय आमची. तुह्या मोटारी बी घेऊन ये."

"बघू," मी म्हणायचो.

"बघू बघू करून बुढा झाला तू."

हे खरं होतं. गुडघे दुखत होते. दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकायचा तर पेपरातली बातमी मोठ्याने वाचावी लागत होती. शेवटी मी कबूल केलं, की दसऱ्याला येतो, काही दिवस राहतो, जमलं तर कायमचा राहतो. घर बंद करायचं की नाही, हे अकोल्याहून ठरणार होतं. आवडत्या गाड्या कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात घातल्या आणि खोकं मांडीवर घेऊन बडनेऱ्याला आगगाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, की पेढे आहेत का.

बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे जावई, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत आणि आता कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष आहेत. कॉलनीच्या तोंडाशीच त्यांचा हात जोडलेला फोटो दसऱ्याच्या शुभेच्छा देत फ्लेक्सवर लटकत होता. खाली शुभेच्छुक म्हणूनही त्यांचंच नाव होतं. माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्या गाड्यांसाठी दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं होतं, आतून दिवे लावलेलं. त्या जागी त्यांच्या सत्कारांची स्मृतिचिन्हं असायची. ती त्यांनी स्वतः खालच्या फळीवर हलवली होती. त्यांच्या दृष्टीने याहून मोठा त्याग संभवत नव्हता, हे मला समजत होतं.

"साळेसाहेब, बघा," त्यांनी बटण दाबलं. रिकाम्या काचेत पांढरा उजेड पडला. "उद्या पाहुणे येतील ना, त्यांना सगळं तुम्हीच समजावून सांगायचं. आपले साळे फ्रान्सवरचे तज्ज्ञ आहेत, असं सांगून ठेवलंय मी."

"मी फ्रान्स पाहिलेला नाही, जावईबापू."

"ते कोणाला कळतंय?"

दसऱ्याला सकाळी कॉलनीच्या मैदानात सामूहिक वाहनपूजन होतं. पेंडॉल, माइक, सोफे, सोफ्यांवर टर्किश टॉवेल. जावयांची नवी गाडी सगळ्यांत पुढे. ती त्यांच्या स्वतःच्या फाटकातून आत जात नाही, म्हणून वर्षभर रस्त्यावर आच्छादन घालून उभी असते. त्या दिवशी तिला मोकळी हवा मिळाली. प्रमुख पाहुणे उशिरा आले. उशीर का झाला हे त्यांनी भाषणात सविस्तर सांगितलं, त्यामुळे आणखी उशीर झाला. मग नारळ फुटले, चाकांखालची लिंबं चिरडली आणि झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांनी मैदानाला एक फेरी मारून पुन्हा होत्या तिथेच येऊन विश्रांती घेतली. बहीण आली नव्हती. तिला स्वयंपाक होता.

पूजन आटोपून जावई चार पाहुण्यांना माझं कपाट दाखवायला घरी घेऊन आले. मीही मागोमाग शिरलो.

रात्री मी गाड्या लावून ठेवलेलं कपाट रिकामं होतं. दिवे चालू होते.

देवघरासमोर पाट मांडला होता. पाटावर स्वच्छ धुतलेला टॉवेल आणि त्यावर माझ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या टपावर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू. टप एवढासा आणि बोट बहिणीचं. थेंबासारख्या गाडीचा अर्धा निळा रंग हळदीखाली गेला होता. समोरच्या काचेवर झेंडूची एकेक पाकळी चिकटवली होती. लिंबू चाकाखाली मावेना, म्हणून तिने प्रत्येक पुढच्या चाकाखाली तुरीचा एकेक दाणा ठेवला होता. घरातली विळी, कात्री, मिक्सरचं भांडं आणि जावयांचा जुना कॅल्क्युलेटर शेजारीच पूजेत होते.

"हे काय केलं तू?" जावई पाहुण्यांदेखत ओरडले. शहरी मराठी गळून पडली. "इम्पोर्टेड वस्तू हायेत त्या!"

"मंग?" बहीण आरतीचं तबक हातात धरून उभी होती. "इम्पोर्टेड गाडीले दसरा नसते का?"

पाहुण्यांतला एक जण हसला आणि लगेच खोकला.

"आता पाहुण्याइले काय दाखवू मी?"

"हेच दाखवा. हातपाय हायेत तं बसा म्हना खाली, अन् पाहा."

पाहुणे खाली बसले नाहीत. त्यांना पुढे बऱ्याच ठिकाणी जायचं होतं. जावई त्यांना पोचवायला बाहेर गेले ते तिकडेच रमले.

मला पहिली काळजी वाटली ती रंगाची. हळद लगेच पुसली नाही तर फटींत बसते. पण पाटासमोर टेकलो आणि लक्षात आलं, की बायको गेल्यानंतर माझ्याशिवाय कोणाचं बोट या गाड्यांना लागलं नव्हतं.

"पुसून टाकू का?" बहिणीने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "मले का माहीत बाप्पा. गाडी म्हनलं की पूजा."

"पूजा झाली ना? मग पुसू."

ती कापूस आणि कोमट पाणी घेऊन आली. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही एकेक गाडी पुसायला लागलो. ती हळूच पुसत होती, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी.

"हिच्यात मांगं कोन बसते?"

"मागे कोणी नाही. दोघांचीच असते. काही तर एकाच माणसाच्या."

"अन् सामान?"

"सामान न्यायचं नसतं."

"मंग जाते कुठी?"

"कुठे नाही. शर्यत असते. फिरून तिथेच येते."

"एवढ्यासाठी एवढी नटवली?" ती हसली. मग थांबून म्हणाली, "आमची बी सकाळी तेच करून आली म्हना ना."

मीही हसलो. एवढा वेळ कोणाशी बोललो त्याला किती महिने झाले होते, आठवेना. त्या क्षणी तिने ‘राहतोस का’ असं विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणालो असतो. पण तेवढ्यात जावई परतले आणि दिवाणखान्यातून त्यांचा आवाज आला. संध्याकाळी सोनं द्यायला मंडळी येतील, तोवर कपाट भरून ठेवा, आणि साळेसाहेबांना म्हणावं कुर्ता बदला.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. हातातली गाडी टॉवेलवर ठेवली.

"तू नाई राहनार ना इथं?"

"नाही," मी म्हणालो. "तिकडे मी एकटा आहे, पण मला कोणी कपाटात लावत नाही."

"माईतच होतं मले." ती पुन्हा पुसायला लागली. "पन तुह्यासाठी खोलीले रंग देला, गादी भरून घेतली, परदे आनले. दुकानात गेली, चार जनाइशी बोलली. तेवढे दिवस लय बरे गेले, दादा."

मला वाटत होतं, ती मला माझ्यासाठी बोलावतेय. दारासमोर एवढी मोठी गाडी असून शेवटचं बाहेर कधी गेली होतीस, असं विचारावंसं वाटलं. त्याऐवजी म्हणालो,

"तूच ये ना अमरावतीला. राहा महिनाभर."

"अन् इथं याइले जेवाले कोन देईन?"

संध्याकाळी कपाट भरलं. मी कुर्ता बदलला, आपट्याची पानं घेतली, दिली, आणि फ्रान्सविषयी जे विचारलं गेलं त्याची उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई उठायच्या आत बहिणीने स्वतःच्या हाताने गाड्या कापसात गुंडाळल्या. त्यांना वाईट वाटेल, असं मी म्हणालो. "वाटू दे," ती म्हणाली. "वरच्या फळीवर ठेवाले त्याइच्याजवळ लय हाये."

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"जेवला?"

"हो."

"काय केलतं?"

"वरणभात."

"आमच्या इथं बी वरनच."

पलीकडे पंखा फिरत असल्याचं ऐकू येत होतं. जावई कोणालातरी मोठ्याने काही समजावून सांगत होते, कोण हो म्हणत होतं ते ऐकू आलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो.

"बरं, ठेवते," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. आणि तिने ठेवला नाही. मीही नाही.