मागे वळणारी बस

आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर हरेश्वर पावशे मूळचे हर्णैचे. तिथे ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते, बोट त्यांच्याच हातात असायची. वाकडहून महाळुंग्याला जाताना कुणाची बस चुकली, तर पुढच्या चौकातून वळून ते त्याला घ्यायला मागे जातात. काल प्रीतमसाठी वळले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"काका, एकासाठी चाळीस जणांना लेट मार्क लावता?"

ते शांतपणे म्हणाले, "वादळात बोटीचं तोंड लाटेवरच ठेवावं लागतं. आडवी झाली की उलटते. माझा धाकटा भाऊ पाण्यात पडला, हाका मारत होता. बोटीत आणखी सहा जण होते. मी बोट वळवली नाही."

"बरोबरच केलंत," मी ओशाळून म्हणालो.

"सगळे तेच म्हणाले. आईनं फक्त विचारलं, तो हाक कुणाला मारत होता?"

बाहेर प्रीतम "काका, थांबा" म्हणत पळत येत होता. बस कधीची थांबली होती, तरी काकांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता.