सुकटीचा डबा आणि माझं गळणारं अल्ब्युमिन

"मॅडम, तुमचं प्रोटीन लघवीवाटे चाललंय," महाडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवत सांगितलं. "याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात."

मी वीस वर्षं अकरावीला जीवशास्त्र शिकवते. प्रथिने, कर्बोदके, मेद आणि न्यूक्लिक आम्ले हा धडा मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. तरीही त्या खुर्चीत बसून मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

किडनीत बारीक गाळण्या असतात. रक्तातली घाण बाहेर सोडायची आणि प्रथिनं अडवायची, हे त्यांचं काम. माझ्या गाळण्या प्रथिनं अडवेनाशा झाल्या होत्या. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी झिरपून अंगात साचतं.

सकाळी डोळे सुजलेले, संध्याकाळी पाय चपलेत मावत नाहीत, लघवीला फेस. पंधरा दिवस हे चाललं होतं आणि मी सगळा दोष मे महिन्याच्या उन्हाला देऊन मोकळी झाले होते. तुम्हाला असा फेस दिसला, तर माझ्यासारखं शहाणपण करू नका. लघवीची साधी तपासणी करून घ्या.

डॉक्टरांनी पनवेलच्या किडनीतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथली वेळ आठवड्याने मिळाली. तोवरच्या पथ्याचा कागद मी न वाचताच पर्समध्ये घातला. मला कोण पथ्य शिकवणार! प्रथिनं जातायत, तर प्रथिनं भरायची, इतकं सोपं गणित.

त्यात आमची आगोट नुकतीच भरली होती. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकट, सोडे, बोंबील, सुक्या मासळीचे सगळे डबे काठोकाठ. माझी मोठी नणंद, आमच्या वन्सं, दरवर्षी या खरेदीला डोंगरातल्या कुडपण गावाहून महाडला उतरतात. माझे पाय बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय गो हे पाय! अंगात ताकद नाय, म्हनून सुजलंत. चांगलं खा जरा."

"वन्सं, शास्त्रसुद्धा हेच सांगतं," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं दोघींचं इतकं जमलं.

सकाळी सोड्यांचे पोहे, दुपारी सुकटीची चटणी, रात्री बोंबलाचं कालवण. चौथ्या दिवशी माझं वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि आडवं झालं की दम लागत होता. आमच्या ह्यांनी दिलेल्या वेळेची वाट न बघता मला गाडीत घातलं आणि पनवेल गाठलं.

तिथल्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. खाणं काय, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सगळा पाढा वाचला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, बादलीला भोक पडलंय आणि तुम्ही नळ मोठा सोडलात. वर सुक्या मासळीचं मीठ. मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून सूज वाढली. आधी भोक बुजवू, मग भरू."

"हेच शिकवते ही पोरांना," आमचे हे म्हणाले.

दाखल झाले. बायॉप्सी केली. म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढतात. दुखलं थोडंच, भीती मात्र फार वाटली. गाळण्यांवर वण पडले असतील तर औषध लागू पडणं कठीण, आणि पुढे कदाचित डायलिसिस. मग माझं शिकवणं सुटणार, हे मला दिसत होतं. रिपोर्टची वाट पाहताना मी वेटिंग रूममधल्या लाद्या किती वेळा मोजल्या, सांगत नाही.

मध्येच कोलेस्टेरॉल भरपूर वाढल्याचं कळलं. "मी तर तूपही खात नाही," मी कुरकुरले. डॉक्टर म्हणाल्या, "गळलेलं प्रोटीन भरून काढायला लिव्हर घाईने कामाला लागतं. त्या भरात मेद वाहून नेणारी प्रोटीनंही जास्त बनवतं." हे मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट आला: मिनिमल चेंज डिसीज. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच बिघाड दिसत नाही, म्हणून हे नाव. वण नव्हते. मी डॉक्टरांचा हात धरून रडले.

स्टेरॉइड सुरू झालं. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएवरच्या कुठल्या सूचना वाचायच्या, कुठल्या नाही, यात फेरफार करतं. रक्तातली साखरही वाढवतं, म्हणून भात अर्धा झाला. चेहरा पुरीसारखा फुगला.

वन्सं मात्र खचल्या होत्या. "माज्या हातनं झालं गो," एवढंच म्हणायच्या. चूक माझी होती, हे परोपरीने सांगितलं. कुडपणला पेरणी तोंडावर आलेली, तरी शेत मुलावर टाकून त्या माझ्या अळणी स्वयंपाकाला राहिल्या.

रोज सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची. हिरवी झाली तर प्रथिन गळतंय, पिवळी राहिली तर नाही. एक आठवडा हिरवी, दुसरा हिरवी, पाचवाही हिरवीच. मोठ्यांना वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणत. काहींना औषध लागूच पडत नाही, हेही त्यांनी लपवलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात पट्टी पिवळी राहिली. पट्टीच खराब असेल म्हणून दुसरी काढली. तीही पिवळी. आणखी दोन दिवस तसंच आलं, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. "भोक बुजलं," त्या हसून म्हणाल्या. "औषध बंद करू नका, हळूहळू कमी करू."

मी स्वयंपाकघरात जाऊन वन्संना सांगितलं. त्या जेवायला बसत होत्या. तशाच उठल्या, फळीवरची मिठाची बरणी काढली आणि चिमूटभर मीठ आपल्या वरणात घातलं.

"वन्सं, तुम्हीसुद्धा अळणी खात होतात?"

"एकाच टोपात शिजतंय, दोन-दोन कोन करील?"

"वरून घ्यायचं की!"

"तुज्यासमोर कशी घेऊ गो?" असं म्हणून त्यांनी भात कालवला आणि पहिला घास डोळे मिटून खाल्ला.