फोटोखालची ओळ

बरीच प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातूनही जातात. हे एक मात्र गेलं नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात फौजदार होतो.

रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा ठाण्यात फोन आला. "सायेब, धा-बारा पावणं गळ्यात क्यामेरे अडकवून फिराय लागल्यात की! नळावर बायकांचं फोटू काढत्यात. मानसं तापल्यात, लवकर या."

जाऊन पाहतो तर एक फोटोग्राफी क्लब. दातांचे डॉक्टर, बँकेतले कारकून, एक ड्रॉइंग मास्तर. रस्त्यावरचं जगणं टिपायचा सराव करतोय म्हणाले. जमाव हात उगारायच्या बेतात होता, म्हणून सगळ्यांना ठाण्यात आणलं, नावं-पत्ते घेतले, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. सोडताना दम भरला, "यापुढे प्रत्येक फोटोखाली ठिकाण आणि वेळ लिहायची. उद्या तक्रार आली तर आम्हाला कळायला हवं." माणसं सरळ होती, माना डोलावून गेली. मीही मोठं काम केल्याच्या थाटात घरी जेवायला गेलो.

दोन-तीन महिन्यांनी त्याच मंगळवार पेठेत बांगड्या विकणारी एक मुसलमान म्हातारी ठाण्यात आली. तिच्याकडे भाड्यानं राहणारी बाई सकाळी पाण्याला गेली ती परतलीच नव्हती. भरलेली घागर नळापाशी तशीच होती.

"गेली असेल माहेरी," ठाणे अंमलदार म्हणाला.

"घागर टाकून कोन म्हायेरी जातंय व्हय रं?" म्हातारी कडाडली. "नवऱ्याच्या माराला भिऊन पळून आलती ती. पाठीवर डाग हायती. नवरा कुठला, त्ये कवाच सांगिटलं न्हाय. नुसता इषय काढला तरी थरथरायची."

म्हातारीचं बरोबर होतं. मिसिंगची नोंद करून नळावरच्या बायकांकडे चौकशी केली, तर एकीनं सांगितलं की मध्यंतरी त्या क्यामेरेवाल्यांतला ड्रॉइंग मास्तर तिला भेटायला आला होता. मला आयताच संशयित मिळाला. मास्तरला आणला आणि दोन तास फैलावर घेतला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटले. त्याची आज लाज वाटते.

"साहेब, मी फक्त तिच्या फोटोची प्रत द्यायला गेलो होतो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "घागर उचलताना हसतेय, असा फोटो. बघून ती घाबरली. 'मास्तर, ह्यो कुनाला दावू नगासा' म्हणाली. मला वाटलं, लाजतेय."

"मग?"

"शाहूपुरीतल्या आमच्या प्रदर्शनात लावला. पहिलं बक्षीस मिळालं त्याला."

फोटो मागवला. खालच्या पांढऱ्या पट्टीवर मास्तरच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार पेठ, सार्वजनिक नळ, सकाळी सव्वासात.

"हे कशाला लिहिलंत?"

"आपणच सांगितलं होतं, साहेब."

मी पाणी मागवलं, ते माझ्यासाठीच. मग खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो आणि विचारलं, हा फोटो जास्त वेळ कोण बघत होतं? त्याला एक माणूस आठवला. दोनदा आलेला, त्याच फोटोपुढे उभा राहिलेला. "केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू होते. ही बाई रोज नळावर येते का, असं त्यानं विचारलं. मला रसिक वाटला, साहेब. हो म्हणालो."

कापूस अंगावर घेऊन फिरणारा माणूस कोल्हापुरात कुठून येणार, ते सांगायला पोलीस लागत नाही. इचलकरंजीला जाऊन पाळी सुटायच्या वेळी यंत्रमागांच्या शेडपुढे उभा राहिलो आणि भेटेल त्या कामगाराला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी ती सापडली. खोलीत कोंडलेली, डावा हात मोडलेला. नवरा म्हणतो, "माझी बायकू हाय. घरला आनली, त्यात गुन्हा कसला?" त्याला मी काय बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. अटक केली आणि तिला दवाखान्यात नेलं.

जबाब घ्यायला बसलो तेव्हा तिनंच आधी विचारलं, "सायेब, त्याला माजा ठावठिकाणा कुनी दिला?"

खोटं सांगता आलं असतं. मी सगळं सांगितलं, माझ्या हुकमासकट. तिनं प्लॅस्टरमधला हात उशीवर सावरून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नोंद असली की माणूस सुरक्षित, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. ती नोंद कोण कोण वाचणार, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. तो धडा मला मिळाला, पण हात मोडला तिचा.

जबाबाच्या कागदावर नाव झालं, वय झालं. ती पुन्हा म्हातारीकडेच जाणार होती, पण म्हातारीनं आता दुसऱ्या पेठेत खोली घेतली होती. मी पुढच्या रकान्याशी पेन नेलं, सध्याचा पत्ता.

"त्यो लिवायलाच पायजे काय, सायेब?"

मी रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली. अपुरा जबाब घेतल्याबद्दल वरिष्ठांचा ठपका आला. तो मी मुकाट्यानं घेतला, पण पत्ता सांगितला नाही.