'जो'च्या पुढचा 'तो'

फ्लेव्हिया टीचरांकडे मी गेले ती रागारागाने. ऑफिसात नवीन साहेब आले आणि त्यांनी माझा एक इंग्रजी मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हसले असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण त्यांनी समजुतीने मान हलवली, तेच मला झोंबलं. वीस वर्षं कुरिअरच्या ऑफिसात काढलेली बाई मी, पंचेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन क्लासला जाऊन बसले. मीरा रोडला आमच्या बिल्डिंगखाली स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर हा क्लास भरतो. मंगळवार-शुक्रवार, साडेपाच ते सात. पंखा एक, विद्यार्थी आठ.

टीचर यायच्या चौकहून. चौक हे उत्तनच्या पुढचं मासेमारीचं गाव. तिथून बसने भाईंदर, पुढे शेअर रिक्षा. साठीच्या, ठेंगण्या, इस्त्रीचा ड्रेस, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं लाल पेन. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्या तरी चुका काढायची खोड काही गेली नव्हती. लग्नपत्रिका असो की दुकानाची पाटी, त्यांचा हात पेनाकडे जायचाच. चर्चच्या बोर्डावर कुणाच्या तरी मयताची सूचना लागली होती, तिच्यातलं स्पेलिंगही आपण दुरुस्त केलं, हे त्यांनीच एकदा आम्हाला सांगितलं. मला ते आवडलं नाही. माणूस गेलंय आणि हिला स्पेलिंग दिसतंय, असं मनात आलं. मी अशी पटकन माणसाला नावं ठेवते, आणि मग पुष्कळदा माझीच मला लाज वाटते.

शिकवायच्या मात्र सुरेख. रिलेटिव्ह क्लॉज शिकवला तो दिवस मला चांगला आठवतो. "मराठीत जो आला की तो येतोच," त्या म्हणाल्या. "जो माणूस दारात उभा आहे, तो माझा भाऊ आहे. तुम्ही नुसतं 'जो' म्हणा, ऐकणारा 'तो'ची वाट बघत बसतो. इंग्रजीत तसं नसतं. द मॅन हू इज ॲट द डोअर. 'हू' आला, पण पुढे 'तो' नाही. त्याची वाट बघत बसायचं नाही." शेवटचं वाक्य त्या फळ्याकडे तोंड करून बोलल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत.

पुस्तकात त्याच्या पुढचा धडा अकरावा. याच 'हू'च्या पुढे कॅन, माइट, शुड, मस्ट लावायचं. मदत करू शकेल असा डॉक्टर, भरायलाच हवा असा फॉर्म, असली वाक्यं. टीचर दहावरून थेट बारावर गेल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त रसिकाच्या आलं. रसिका बावीस वर्षांची, कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूंनी पिडलेली.

"टीचर, इलेव्हन आपण स्किप केला ना?" ती म्हणाली. "कॅन आणि माइटमध्ये माझा नेहमी लोचा होतो. ते शिकवा ना प्लीज."

टीचर उठल्या आणि फळ्यावर लिहिलं: द मॅन हू. मग हात थांबला. आम्हाला वाटलं, गाळलेली जागा आहे. जिमला जाणारा चंदन उत्साहाने ओरडला, "द मॅन हू कॅन लिफ्ट हंड्रेड केजी!" सगळे हसले.

"कॅन," टीचर म्हणाल्या. "बरोबर आहे. ताकद." आणि मार्कर टेबलावर ठेवून त्या जिना उतरून गेल्या. पर्स राहिली, वह्यांचा गठ्ठा राहिला. मी खाली धावले तोवर रिक्षा निघाली होती.

रविवारी मी पर्स आणि वह्या घेऊन चौकला गेले. खरं सांगायचं तर निम्मी काळजी होती आणि निम्मी चौकशीची हौस. दुपारचे बारा वाजले असतील. बांबूंवर बोंबील टांगले होते, वास नाकात बसत होता. दारात एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत होते. ते टीचरांचे मिस्टर, अल्फान्सो अंकल. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत न पाठवता आधी स्वतःच्याच शेजारी बसवलं.

"बाय, तूच सांग तिला काय तरी," ते हळूच म्हणाले. "आमचा वॉरेन बोटीवर होता. मोठ्या बोटीवर, इंजिनात. गेल्या साली दर्यात पडला. गावला न्हाय. कंपनीचा कागद आलाय, ती सही बी करत न्हाय, आन् नको बी म्हनत न्हाय. येत्या बुधवारी सरकारी साहेबांनी बोलवलाय चौकशीला. मना इंग्लिश येत न्हाय. मी काय करू?"

क्लासमध्ये वर्षभर बसूनही टीचरांना मुलगा होता, हे मला ठाऊक नव्हतं.

टीचर स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पर्स बघून 'थँक यू' म्हणाल्या आणि मी काही विचारायच्या आतच त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कंपनीचं निवेदन होतं, खाली पालकांच्या सहीची जागा. एका वाक्याखाली लाल रेघ होती. मी अडखळत वाचलं. 'द क्रू मेंबर, हू मस्ट हॅव स्लिप्ड.'

"अर्थ सांगा," त्या म्हणाल्या. क्लासमधलाच आवाज.

"जो घसरून पडला असणार," मी म्हटलं.

"असणार. म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही. कुणी बघितलं नाही आणि मस्ट लिहितात." त्यांनी दाराकडे बघितलं. अंकल बाहेरच होते. मग त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

वॉरेनचे मेसेज होते, सगळे इंग्रजीत. मुलाने आईला इंग्रजीतच लिहायचं, हा त्यांच्या घरातला नियम. लहानपणापासून पोरगं गावचं बोलायला लागलं की टीचर उत्तरच द्यायच्या नाहीत. बोर्डिंगमधून पत्र आलं की लाल खुणा करून परत जायचं. वॉरेन नोकरीला लागला तरी ते चालूच राहिलं. त्यालाही त्याची गंमत वाटायची म्हणे, मुद्दाम चुका करायचा.

त्यांनी उघडून दिलेला मेसेज असा होता: 'मम्मा, देअर इज अ मॅन हिअर हू कॅन किल मी.'

त्याखाली टीचरांचं उत्तर होतं. कॅन म्हणजे अंगात ताकद असणं. शक्यता सांगायची असेल तर माइट. पुन्हा लिही.

वीस मिनिटांनी त्याचं आलं: 'देअर इज अ मॅन हिअर हू माइट किल मी.'

आणि त्याखाली टीचरांचा एकच शब्द: 'गुड.'

त्यानंतर अकरा मेसेज होते. सगळे बिनचूक. जेवण चांगलं आहे, समुद्र शांत आहे, मी बरा आहे. नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला.

मला मोबाइल परत देता येईना.

"आपण रोज म्हणतो ना," टीचर म्हणाल्या, "आज साहेब मारून टाकेल मला. मला वाटलं, तसंच. आणि चूकही नेहमीचीच. मारू शकतो, म्हणून कॅन. आपल्या सगळ्यांची होते. त्याला पक्कं माहीत असणार, उर्मिला. त्या माणसाची ताकद त्याने बघितली असणार. कॅनच बरोबर होतं. मी माइट करायला लावलं. मी ते हलकं करून दिलं."

मी काहीतरी म्हणाले, तुमची काय चूक, असं काहीतरी. त्यांनी ते कानावरही घेतलं नाही.

"त्याने नाव लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "नाव नाही, देश नाही, वय नाही. नुसता 'हू'. तेवढाच माझ्या घरी आलाय. मी चहा करते, तो मागे असतो. वळले की नसतो. बसमध्ये बाजूला पुरुष बसला की मी त्याचे हात बघते. चर्चमध्ये मिसाला बसते, पुढच्या बाकावर एक मान दिसते, वाटतं, हाच. त्याला तोंडच नाही हो. मी 'जो, जो' करत बसते आणि 'तो' काही येत नाही."

भरदुपारी, उन्हाने भरलेल्या त्या स्वयंपाकघरात मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. हे मी कबूल करते.

प्रश्न सरळ होता. सही केली तर वॉरेन घसरून पडला, फाइल बंद. मेसेज दिले तर त्या बोटीवर कोण कोण होतं ते विचारावं लागणार. मग मेसेज का देत नाही, हे मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"अल्फान्सोला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगितलंय, पोरगा लिहायचा, मी बरा हाय. तिथे सगळं वाचून दाखवतील. त्याचं वाक्य वाचतील, त्याच्याखालचं माझंही वाचतील."

बुधवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला ऑफिसात बसवलं नसतं. चौकशीचे अधिकारी पन्नाशीचे, मराठी, बोलायला सभ्य. बाजूला कंपनीचा एक तरुण मुलगा सूट घालून बसला होता. टेबलावर तो कागद, त्यावर पेन. अल्फान्सो अंकल खुर्चीच्या टोकाला बसले होते, हातातली टोपी गोल फिरवत.

"मॅडम, सही करताय ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

टीचरांनी पेन उचललं. त्यांनी 'मस्ट'वर एक आडवी रेघ मारली, पेन ठेवलं आणि मोबाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

अधिकारी वाचत गेले. एकदा वाचून पुन्हा वर जाऊन वाचलं. सूटवाल्याने मान पुढे काढली, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग अंकलकडे बघून ते म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"न्हाय, साहेब."

"मग मी सांगतो. तुमच्या मुलाने लिहिलंय, इथे एक माणूस आहे, जो मला मारू शकतो."

टोपी थांबली. अंकलनी बायकोकडे बघितलं. टीचर समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"त्यावर आईने उत्तर दिलंय." अधिकारी थांबले. ते पुढचं मराठीत कसं सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं, ते दिसत होतं. कॅनचं माइट झालं हे मराठीत सांगणार तरी कसं? दोन्हीकडे 'मारू शकतो'च. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि टीचरांनाच विचारलं, "मॅडम, पोरगं असं लिहितंय, आणि तुम्ही गुड म्हणता? हे वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

टीचर साहेबांशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याकडे वळल्या. आणि मुलाला ज्या बोलीत कधी बोलू दिलं नाही, त्या बोलीत म्हणाल्या, "अल्फान्सो, मी वाचलं न्हाय. मी तपासलं."