सगळ्यांसमोर मत

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. मी चौथीच शिकले.

वर राहणारी, कलेक्टरच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी जिन्यात मोठ्याने वाचते आणि मध्येच विचारते, “समझे ना, काकू?” परवा म्हणाली, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काही राज्यांत गव्हर्नर निवडताना मत सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचे.

“मालकासमोरही?”

“बिल्कुल!”

माझा गोंधळच उडाला.

रविवारी महिला मंडळाची अध्यक्ष हात वर करून निवडायची होती. यांच्या साहेबांच्या मिसेस उभ्या होत्या, मला दुसऱ्या बाई हव्या होत्या. हात उचलवेना. तेवढ्यात मागे उभी असलेली ती पोरगी ओरडली, “चिठ्ठ्या टाका ना, यार!”

“आल्या कलेक्टरीणबाई!” बायका हसल्या, पण चिठ्ठ्या झाल्या. मी दुसऱ्या बाईंचं नाव लिहिलं.

माझ्या मनातलं तिला कसं कळलं, कुणास ठाऊक.

घरी यांनी विचारलं, “मत साहेबांच्या बाईंनाच ना?”

मी पोळी लाटत राहिले.